रथाकडं पाठ

गौतमला कुणी विचारलं, "काय करता आपण?" तर तो आधी उलट विचारायचा, "कुठं?"

यात चेष्टा नसायची. तोंड इतकं गंभीर ठेवून विचारायचा, की विचारणाराच गडबडून म्हणायचा, "म्हणजे... इथं."

"इथं काय नाय करत. इथं मी रजेवर असतो."

समोरचा मान डोलावून निघून जायचा. काय समजून डोलावली, हे त्यालाही माहीत नसायचं. गौतमच्या बाबतीत सगळ्यांचंच असं व्हायचं, माझंही. तो माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, भाडेकरू म्हणून काही वर्षं राहिला आणि तो नक्की कुठला, कुणाचा आणि कधी जाणार, हे मला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही.

राहिला असं तरी कसं म्हणू? राहायच्या त्याची बायको करुणा आणि मुलगी पिऊ. हा यायचा. करुणा पाचोडला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आमच्या सिडकोतून सकाळी एसटी पकडायची आणि संध्याकाळी थकून परत यायची. तोवर पिऊ माझ्याकडं. गौतम मात्र कर्नाटक पोलिसात शिपाई, बिदर जिल्ह्यात. माणूस भालकीकडचा, घरात मराठी बोलणारा, शाळा मराठीच शिकलेला. जन्म सरहद्दीच्या पलीकडं झाला, म्हणून पलीकडच्या पोलिसात भरती झाला. त्यात त्याचं कर्तृत्व नाही आणि गुन्हाही नाही.

यांचं लग्न जमवलं त्या लोकांना एकदा भेटावं, असं मला फार वाटायचं. मुलीकडच्यांनी चौकशी केली, तर मुलगा सरकारी नोकरीत. मुलाकडच्यांनी केली, तर मुलगी सरकारी नोकरीत. दोन्ही घरांत आनंदीआनंद. दोन्हीकडं सरकारी नोकरी बघितली, पण सरकारं दोन आहेत, हे एकाही शहाण्यानं बघितलं नाही. आमच्या भागात सरकारी नोकरीपुढं माणसाला दुसरं काही दिसतच नाही. मुलाला दमा आहे का, मुलगी दुसऱ्या कुणावर जीव लावून बसलीय का, हेसुद्धा मग कुणी विचारत नाही. सरहद्द कोण विचारतो?

पहिल्यांदा खोली बघायला आला तेव्हा त्यानं नळाला पाणी किती वेळ येतं हे विचारलं नाही. जिना चढला, उतरला, गच्चीवर गेला, मागच्या गल्लीत वाकून बघितलं आणि म्हणाला, "मावशी, ह्या घराला येण्याजाण्याचा रस्ता एकच हाय. बेस हाय." घरात बसला तो भिंतीला पाठ लावून आणि दाराकडं तोंड करून. पुढंही कायम तसाच बसायचा. जेवायला वाढलं, की आपण मिठाचं भांडं घेऊन येईपर्यंत याचं ताट रिकामं. एकदा मी रागावले, म्हटलं, "अरे, कुणी पाठीमागं लागलंय का?" तर म्हणाला, "बंदोबस्तात डबा उघडला की तिकडं दगड पडायला लागतो, मावशी. मग उपाशी." येताना भालकीची तूरडाळ आणायचा, आमच्या अख्ख्या गल्लीला पुरेल इतकी. आणि मन बिनसलं, की बूट पॉलिश करायचा. आधी स्वतःचे, मग करुणाच्या चपला, मग पिऊचे बूट. माझ्या चपला दारात चमकताना दिसल्या, की मी समजायची, वर काहीतरी झालंय.

त्याची टोपी हा आमच्या गल्लीतला एक मोठा विषय होता. तिकडच्या शिपायांची तेव्हा गोल काठाची, एका बाजूनं वर दुमडलेली टोपी असायची. ती धुऊन वाळत घातली, की शेजारचे विचारायचे, "तुमचे भाडेकरू जंगल खात्यात हायत का?" एकीनं तर ते बँडमध्ये वाजवतात का, असंही विचारलं. तिच्या घरी लग्न निघालं होतं म्हणे.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण या प्रकरणात माझं नाक खुपसलेलं होतं. निवृत्त होईपर्यंत मी सरकारी कचेरीत आस्थापनेच्या टेबलावर होते. लोकांच्या बदल्यांचे कागद माझ्या हातून जायचे. त्यामुळं बदली म्हटलं, की माझ्या अंगात येतं. गौतमनं आपली अडचण सांगितल्याबरोबर मी म्हटलं, "हात्तिच्या, एवढंच ना? पती-पत्नी एकत्रीकरण. नवरा-बायको दोघं नोकरीत असले, तर जवळ जवळ आणायचं, असा नियमच आहे. एक अर्ज टाक."

अर्ज मीच सांगितला आणि त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिला. मग माझा एक जुना सहकारी भेटला. त्याच्या कानावर घातलं, तर तो माझ्याकडं दयेनं बघून म्हणाला, "बाई, बदली जिल्ह्याबाहेर होती. राज्याबाहेर बदली नसती, ती नवी नोकरी असती. पोलीस ज्याच्या त्याच्या राज्याचे." मग दुसरा भेटला. तो म्हणाला, होतं, पण सेवाज्येष्ठता जाते, सगळ्यात खालून सुरुवात. तिसरा म्हणाला, तसं झालेलं एक प्रकरण त्यानं ऐकलंय, पण ते पोलिसांतलं होतं का वनखात्यातलं, हे त्याला आठवत नव्हतं. तिघंही छातीठोकपणे बोलत होते. सरकारी माणसाला माहीत नसलं, की त्याचा आवाज जास्त पक्का होतो. मी ओळखते, कारण माझाही व्हायचा.

गौतम रजा टाकून दोन्हीकडं फिरला. इथल्या कचेरीत सांगितलं, "तिकडून सोडतो असं लिहून आणा, मग घ्यायचं का ते बघू." तिकडं सांगितलं, "इकडं घेतात असं लिहून आणा, मग सोडायचं का ते बघू." तो जिन्यात बसून हे मला सांगायचा आणि मग विचारायचा, "आता मी आधी कुठं जाऊ?" इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण त्यात निदान पडल्याचं तरी कळतं. याला कुणी पडूही देत नव्हतं.

एकदा पिऊला बूट घ्यायला आम्ही औरंगपुऱ्यात गेलो होतो. तिथल्या गल्लीत एका दुचाकीचा आरसा दुसऱ्या दुचाकीला लागला आणि दोन्ही गाड्यांवरचे खाली उतरले. गर्दी जमली, रस्ता तुंबला, रिक्षावाले ओरडायला लागले. मी पिऊचा हात धरला आणि बघते तर गौतम शेजारी नाही. तो गर्दीच्या मधोमध. हातात बुटांचा खोका, अंगात चौकड्यांचा शर्ट आणि आवाज असा की मीच दचकले. "ए, हिंदे सरी! सरी, सरी!" कानडीत लोकांना मागं सरकवत होता. कुणाला एक अक्षर कळलं नाही, पण सगळे मागं सरकले. भांडणारेही भांडण विसरून याच्याकडं बघायला लागले. दोन बोटं तोंडात घालून त्यानं शिट्टी मारली, एक रिक्षा थांबवली, दुसरी सोडली आणि गल्ली वाहती केली.

तेवढ्यात आपल्याकडचे एक पोट सुटलेले हवालदार आले. यानं खोका काखेत मारला, टाच जुळवली आणि कडक सलाम ठोकला. हवालदारांनी बिचाऱ्यांनी सवयीनं सलाम घेतला आणि मग विचारलं, "कोण रे तू?"

गौतमनं ओळखपत्र काढलं. त्यांनी ते आधी उलटं, मग सुलटं धरलं.

"हे काय लिवलंय?"

"कानडी हाय, साहेब. पोलीस."

"कुठला?"

"कर्नाटक."

हवालदारांनी ओळखपत्राच्या फोटोतल्या टोपीवर बोट ठेवलं. "मग तू पोलीस हायेस का नाय?"

"हाय. पण इथला नाय."

"इथला नाय, तर मधी कशाला पडतो? उद्या तुला कुणी हाणलं, तर मी काय लिहायचं? पोलिसाला हाणलं, का पब्लिकला हाणलं?"

शेवटी एका रिक्षावाल्यानंच निकाल लावला. "जाने दो ना, साब. बाहर गाँव के पोलिस हैं. मेहमान हैं."

घरी येताना बुटांचा खोका गौतमच्याच काखेत होता. जिन्यापाशी आल्यावर म्हणाला, "मेहमान म्हणला, ऐकलं का, मावशी? घरातबी पाहुणा, पोलिसांतबी पाहुणा. इथं मी नुसता नवरा. तिथं मी नुसता पोलीस. सगळा असा कुठंच नाय." त्या संध्याकाळी पिऊचे कोरे बूटसुद्धा त्यानं पॉलिश केले.

त्याला मी पहिल्यांदा खरा बघितला तो जयंतीला. गौतमचं घर बौद्ध, करुणाचंही. बाबासाहेबांची जयंती म्हणजे त्यांच्याकडं दिवाळीच्या वरताण. आणि नोकरी लागल्यापासून एकाही जयंतीला गौतम मोकळा नव्हता. मिरवणूक म्हटली, की पोलिसाची रजा बंद. त्या वर्षी कशी कोण जाणे, त्याला रजा मिळाली. पांढरा शुभ्र सदरा, गळ्यात निळा गमछा, तोंडावरचा आनंद लपता लपत नव्हता. पिऊला खांद्यावर घेऊन तो पुढं आणि मी आणि करुणा मागं. चौकात कडेला जागा मिळाली. ढोल, लेझीम, निळे झेंडे, माणसांचा नुसता पूर. लांबून रथ येताना दिसला.

मी गौतमकडं बघितलं, तर हा रथाकडं पाठ करून उभा. पाय फाकवलेले, हात मागं बांधलेले, नजर लोकांवर. खांद्यावर बसलेली पिऊ मान मोडेपर्यंत मागं वळून रथ बघत होती.

आजूबाजूच्या बायका कुजबुजायला लागल्या. एक म्हातारी तर उघडच म्हणाली, "कोणाचा हाय हा? बाबांकडं पाठ करून उभा राहतो?" करुणा शरमली. तिनं त्याचे दोन्ही खांदे धरले आणि भोवरा फिरवावा तसा त्याला फिरवला. "अहो, फिरा की. तुम्ही ड्यूटीवर नाहीत."

"आं? व्हय, व्हय."

तो फिरला. जरा वेळ बघितलं. मग गर्दीत कुठंतरी ढकलाढकली झाली आणि हा पुन्हा हळूहळू वळला. रथ आमच्या समोरून गेला तेव्हा त्याची पाठच होती. पुढं गेल्यावर त्यानं मला विचारलं, "गेला?"

"गेला. तुझ्या पाठीमागून वाजतगाजत गेला."

तो हसला, पण डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "मला बघून कळतच नाय, मावशी. मला लोकांच्या तोंडावरून कळतं. पोरं नाचायला लागली, की समजायचं, बेंजो आला. म्हातारी माणसं पुढं सरली, की रथ जवळ आला. आणि सगळ्यांनी हात जोडले, की रथ माझ्या बरोबर मागं हाय. इतक्या वर्षांत रथ मी असाच बघितला."

नंतर शहराचं नाव बदललं. गौतमच्या अर्जावर जुनं नाव होतं, म्हणून अर्ज परत आला. नव्या नावानं पुन्हा टाकला. शहराचं नाव बदलून झालं, याची बदली काही होईना. पिऊ शाळेत जायला लागली. तिथं बाईंनी विचारलं, "तुझे पप्पा काय करतात?" ती म्हणाली, "पप्पा रजेवर असतात." बाईंनी हसत हसत हे करुणाला सांगितलं, करुणानं हसत हसत मला सांगितलं आणि मी, गौतम आल्यावर, हसत हसत त्याला सांगितलं. तो सगळ्यांत जास्त हसला. थोड्या वेळानं माझ्या चपला दारात चमकत होत्या.

तेवढ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. इथून उत्तर आलं, की अशा प्रकारे सामावून घेण्याची तरतूद आढळून येत नाही. आणि तिकडं त्याचं नाव बढतीत लागलं. हेडकॉन्स्टेबल होणार, दंडावर फिती येणार. आता याचं अभिनंदन करावं का सांत्वन, हे मला कळेना. मी शिरा केला आणि वाटी नुसती त्याच्या हातात ठेवली. इथली पोलीस भरती नव्यानं द्यावी म्हटलं, तर वय बसत नव्हतं.

एका दुपारी वरून आवाज आले. ती दोघं कधी भांडायची नाहीत, म्हणून मी जिन्यात थांबले. थांबले म्हणजे ऐकतच होते.

"मी सोडते शाळा," करुणा म्हणत होती. "तुम्हाला बढती आलीय. मी आणि पिऊ येतो तिकडं."

"येऊन काय करणार? पोलीस लायनीतल्या खोलीत बसून माझी वाट बघणार. तिथंबी मी बंदोबस्तावरच असणार की, करुणा. इथं निदान तुझी पोरं हायत, शाळा हाय."

"मग असंच चालू ठेवायचं?"

दुसऱ्या दिवशी तो गेला. नेहमीप्रमाणं जाताना मागं वळून बघितलं नाही. ही सवय मात्र आम्ही सगळ्यांनी मान्य केली होती.

आणि मग एका रविवारी तो पेढे घेऊन आला. रजा नसण्याच्या दिवसांत आला म्हणून मी आधीच बुचकळ्यात. खाली गल्लीतच वाटप सुरू केलं. आमच्या गल्लीत गौतमला भेटल्यावर 'कसे आहात' असं कुणी विचारायचंच नाही. "रजा किती दिवसांची?" हाच रामराम. त्या दिवशीही सगळ्यांनी तेच विचारलं आणि हा नुसता पेढा हातावर ठेवत गेला. एकजण म्हणाला, बदली झाली वाटतं. दुसरा म्हणाला, नाही, फिती लागल्या. एका आजींना वाटलं, पिऊला भाऊ झाला, आणि त्यांनी करुणाकडं निरखून बघितलं.

माझ्या दारात आला. मी पेढा घेतला आणि म्हटलं, "कशाचा?"

"राजीनाम्याचा. मंजूर झाला."

पेढा माझ्या हातात तसाच राहिला. मला राग आला. म्हटलं, "वेड लागलंय का तुला? बढती दारात आलेली. सरकारी नोकरी अशी कुणी फेकून देतं? आणि वर पेढे वाटतोस? राजीनाम्याचे पेढे मी जन्मात ऐकले नाहीत."

तो शांतपणे भिंतीला पाठ लावून बसला. "मावशी, इतक्या वर्षांत किती अर्ज लिहिले आपण? इकडं लिहिले, तिकडं लिहिले. माझा हा एकच अर्ज मंजूर झाला. त्याचे तरी पेढे वाटावं म्हणलं."

मग तो हसायला लागला आणि मी रडायला लागले. हसण्यासारखं काय होतं आणि रडण्यासारखं काय, हे तेव्हाही कळलं नव्हतं. त्यानं केलं ते बरोबर का चूक, याचा मी अजून विचार करते. बदल्यांच्या टेबलावर बसून मी सांगायची, नोकरी आहे म्हणून माणूस आहे. त्याच्याकडं बघितलं, की हे वाक्य अर्ध्यातच अडकतं. पण त्याच्यासारखं करा, असं मी आजही कुणाला सांगणार नाही.

पुढं शहरात राहायचं कारण उरलं नाही. ती तिघं पाचोडलाच, शाळेजवळ राहायला गेली. तिथं तो पहाटे माळावर भरतीची पोरं-पोरी पळवतो, असं करुणा फोनवर सांगायची. ज्या पोलिसांनी याला घेतलं नाही, त्यांच्यासाठीच हा माणसं तयार करत होता. वरची खोली दुसऱ्यांना दिली. ते खोलीच्या मधोमध, दाराकडं पाठ करून बसतात. मला उगीच त्यांची काळजी वाटते.

खेड्यांत जयंती चौदा तारखेला संपत नाही, पुढं महिनाभर गावोगावी चालते. पाचोडच्या जयंतीला करुणानं बोलावलं, म्हणून मी एसटीनं गेले. पिऊसाठी पिशवीत बूट घेतले होते, आता तिचा पाय वाढलाय. थांब्यावर करुणा आणि पिऊ घ्यायला आल्या. गौतम कुठंय, असं विचारलं, तर करुणा म्हणाली, "असेल तिथं पुढंच. मंडळाची पोरं बंदोबस्त बघा म्हणून मागं लागली होती. नाही म्हणाले. यंदा मी रथच बघणार, म्हणाले."

रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी होती. आमच्या समोरच्या कडेला बंदोबस्ताला एकच पोलीस होती, नवी कोरी दिसणारी मुलगी. खाकी गणवेश, मानेवर घाम, मिरवणुकीकडं, म्हणजे आमच्याकडंही, पाठ आणि तिकडच्या लोकांकडं तोंड. तिच्या डाव्या बाजूला, अगदी खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ, गौतम उभा होता. पण त्याचं तोंड उलटीकडं, आमच्याकडं, म्हणजे रस्त्याकडं. गळ्यात निळा गमछा, दोन्ही हात मोकळे.

मी हाक मारणार होते, पण त्याचं आमच्याकडं लक्ष नव्हतं. तो मान न वळवता त्या मुलीशी बोलत होता. रस्ता अरुंद होता, लेझीम पुढं गेलं आणि आवाज कमी झाला, तेव्हा मला ऐकू आलं.

"लेझीम गेलं, ताई. आता शाळेची पोरं आली. पुढं एकानं झेंडा धरलाय, त्याच्यापेक्षा झेंडाच मोठा हाय. आता बेंजोची गाडी. नाचणारे लई हायत, पण सरळ हायत, तू वळू नको."

ती मुलगी वळली नाही. तिची नजर लोकांवरच होती. पण मान जराशी हलली. काहीतरी विचारलं असावं.

"येतोय," गौतम म्हणाला. "फुलांनी भरून गेलाय. तसबीर मधोमध हाय, दोन्ही बाजूला निळ्या पताका. जवळ आलाय. आता तुझ्या बरोबर मागं हाय."

रथ आमच्या आणि त्यांच्या मधून चालला. चाकांच्या वरून मला तेवढी त्याची बोटं दिसली, जोडलेली. करुणानं पिऊला उचलून घेतलं होतं. रथ पुढं सरकला, तशी त्याच्यामागं चालणारी माणसं आली आणि गौतम त्यांच्यात दिसेनासा झाला. रस्त्यापलीकडं फटीतून फक्त ती मुलगी दिसत होती. आता तिनं मान अर्धी वळवली होती. गर्दीच्या फटीतून ती आमच्या कडेच्या माणसांची तोंडं बघत होती, गौतम बघायचा तशी, एकेक करून. बघता बघता तिची नजर माझ्यावर आली.

माझ्या हातात बुटांची पिशवी होती. ती मी खाली ठेवली आणि तिला दिसतील असे हात जोडले.